बेबीबाईंचा बिनशेवटाचा सिनेमा

बेबीबाईंनी आमच्या गावातल्या बायकांना दोन वर्षं दर शुक्रवारी दुपारी जुना सिनेमा दाखवला आणि एक सोडला तर एकाचाही शेवट दाखवला नाही. यंत्रात बिघाड नव्हता आणि बेबीबाईंची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा शाबूत होती. सिनेमा संपायला वीसेक मिनिटं उरली की त्या लॅपटॉपच्या एका बटणावर बोट ठेवत, पडदा काळा होई आणि त्यांचा आवाज सभागृहभर घुमे, "झालं! उठा आता, चहाचं पाहा." बायका उठत, चपला हुडकत, पोरं काखोटीला मारत आणि घरी जात. त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार केली ती पुरुषांनी, आणि तीही सिनेमा न पाहता.

गावाचं नाव लिहीत नाही. मी तिथे ग्रामसेवक होतो आणि अजून नोकरीत आहे. वाशीम जिल्ह्यात शिरपूर जैनवरून मालेगावकडे येताना एक फाटा लागतो, एवढं पुरे. ग्रामसेवकाला गावात तीन कामं असतात: दाखले देणं, ठराव लिहिणं आणि जो समोर बसलाय त्याचंच बरोबर आहे अशी मान हलवणं. तिसऱ्या कामात माझी गोपनीय नोंद कायम 'उत्कृष्ट' राहिली असती, पण त्याचा रकाना नाही.

बेबीबाई सत्तरी ओलांडलेल्या. हाडापेरानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. मंगरूळपीरकडच्या एका शेतकऱ्याची ही पाचवी पोरगी. पाचवीला नाव शोधायला घरात कुणाला सवड नव्हती. कुणीतरी बेबी म्हटलं आणि तेच पुढे राशन कार्डावर चढलं. "तवापासून मी बेबीच हाय," त्या म्हणायच्या, "माह्यावाली नातवंडं लग्नाले आली, पन मी काही मोठी नाही झाली." कमरेला अडकित्ता, एका दांडीला दोरा बांधलेला चष्मा, आणि कुणालाही, अगदी तहसीलदारालासुद्धा, 'बापू' म्हणायची सवय.

त्यांचे यजमान श्रीपतराव फिरत्या टॉकीजचे मालक. मालक म्हणजे तंबू त्यांचा, यंत्र त्यांचं आणि बैलगाडी सासऱ्याची. जत्रा, उरूस, बाजाराची गावं असा तंबू हिंडायचा. पडद्यासमोर उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, मध्ये कनात. बायकांचं दार वेगळं आणि त्या दाराशी बेबीबाई. त्या तंबूत एक रीत होती. शेवटचं रीळ लावायच्या आधी बायकांच्या बाजूला घंटा वाजायची आणि बायकांना बाहेर काढलं जायचं. दारात पुरुषांशी रेटारेटी नको, हे एक कारण. दुसरं कारण असं, की पुरुष घरी पोचेपर्यंत भाकर गरम व्हायला हवी. सिनेमा सगळ्यांचा असला तरी भूक पुरुषांचीच होती.

याचा परिणाम असा झाला की त्या भागात एकाच सिनेमाच्या दोन गोष्टी हिंडू लागल्या. बायकांच्या गोष्टीत नायिका सासऱ्याला खडसावून, कापडाचं बोचकं उचलून, उंबऱ्याबाहेर पडायची आणि गोष्ट तिथे संपायची. पुरुषांच्या गोष्टीत तीच बाई वीस मिनिटांनी परत यायची आणि नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून रडायची. नवरा-बायको एकाच तंबूतून एकाच वाटेनं घरी जायचे आणि दोघांच्याही डोक्यात आपलीच बाजू जिंकल्याचं समाधान असायचं. आमच्या भागातले संसार त्या काळात इतके टिकले, त्यामागे हेही एक कारण असावं.

खुद्द बेबीबाईंनी लग्नानंतर चार वर्षं एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता, कारण त्या वेळी त्या दारात बायका मोजत असायच्या. मग एकदा श्रीपतराव तापानं फणफणले आणि यंत्रावर बेबीबाई उभ्या राहिल्या. शेवटचं रीळ त्यांनीच लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. घरी येऊन, म्हणजे तंबूच्या मागच्या पालात येऊन, त्यांनी नवऱ्याला विचारलं, "काहो, रोज असंच व्हते?"

"काय?"

"थे बाई. रोज पाया पडते?"

श्रीपतराव तापातच म्हणाले, "मंग काय. त्याच्याबिगर पब्लिक उठत नाही."

ही हकिगत सांगताना बेबीबाई पोट धरून हसायच्या. पण त्या रात्री आपण जेवलो नाही, हेही त्या सांगायच्या आणि तेव्हा हसत नसत.

पुढे टॉकीज बसली, श्रीपतराव गेले, तंबूच्या कापडाच्या सोयाबीन झाकायच्या ताडपत्र्या झाल्या. मुलगा चाकणला कंपनीत लागला. तो दर आठवड्याला फोन करून म्हणायचा, आई, इकडे ये, एकटी काय करतेस. बेबीबाईंना चाकण दोनदा पाहून झालं होतं. चौथ्या मजल्यावरची खोली, सून-मुलगा कामावर, दार आतून बंद. "तिथं मी म्हंजे घराले लावेल कुलूप," त्या म्हणायच्या. पण नाही म्हणायला काहीतरी निमित्त लागतं, आणि ते त्यांना माझ्या कार्यालयात सापडलं.

झालं असं की शासनाच्या कुठल्याशा योजनेतून ग्रामपंचायतीला एक प्रोजेक्टर, पडदा आणि लॅपटॉप मिळाला होता. उद्देश: शेतकऱ्यांना आधुनिक शेतीचं मार्गदर्शन. दीड वर्षात त्या खोक्याची चिकटपट्टीही निघाली नव्हती. बेबीबाई हयातीच्या दाखल्यासाठी आल्या, खोकं पाहिलं, आणि दाखला राहिला बाजूला.

"बापू, हे यंतर चालते काय?"

"चालत असेल."

"मंग झाकून कायले ठेवलं? नवी नवरी हाय काय थे?"

पुढच्या आठवड्यात त्या सरपंचांना भेटल्या. आमच्या सरपंच म्हणजे वर्षाताई. पद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा त्यांचे यजमान गजाननराव यांनी त्यांना उभं केलं, निवडून आणलं आणि मग स्वतः खुर्चीवर बसले. जीपवर 'सरपंच' लिहिलेलं, आत गजाननराव. सत्काराचा हार गजाननरावांना, नारळ वर्षाताईंना. वर्षाताईंचं काम सहीचं. गजाननराव बोट ठेवतील तिथे त्या सही करत. बारावी पास होत्या, अक्षर मोत्यासारखं, पण वाचायची वेळ कधी कुणी येऊ दिली नव्हती. महिलांसाठी करमणुकीचा कार्यक्रम, फुकटात, आपल्या नावावर, हे गजाननरावांना पसंत पडलं. त्यांनी बोट ठेवलं आणि वर्षाताईंनी सही केली. दर शुक्रवारी दोन वाजता समाजमंदिराचं सभागृह बायकांना मिळू लागलं. बेबीबाईंनी चाकणला कळवून टाकलं, "आता जमत नाही बापू. शुक्रवार राह्यते." मला त्यांनी सरळ सांगितलं होतं, शुक्रवार आहे तोवर मी या गावात आहे.

सिनेमे त्यांना वाशीमचा एक भाचा पेन ड्राइव्हमध्ये भरून द्यायचा. सगळे जुने, बहुतेक काळे-पांढरे, आणि सगळ्यांत एक ताठ कण्याची बाई. बेबीबाई लॅपटॉपशेजारी स्टुलावर बसत, सुपारी कातरत आणि बोट तयार ठेवत. किती सिनेमा उरला हे बघायला त्यांना घड्याळ लागत नसे. "बाईचा पदर पाहाचा," त्या मला शिकवायच्या. "वाऱ्यावर उडून राह्यला त सुरवात. कमरेले खोचला त मध्यंतर. डोक्शावर आला का मोजून वीस मिनिटं." मी घरी दोन सिनेमे लावून ताडून पाहिलं. एकात एकोणीस भरली.

या सिनेमांवर त्यांचा राग होता असं कुणी समजू नये. जीव होता. एकदा मी उगाच शहाणपणा केला, की एवढंच पटत नसेल तर असले सिनेमे दाखवताच कशाला? त्यांनी अडकित्ता थांबवला. "वांग्याले कीड लागली त तुमची घरवाली वांगं फेकते काय? तेवढं कापून टाकते ना. अडीच घंटे थे बाई कशी बोलते पाह्यलं का तुमी? सासूले बोलते, सावकाराले बोलते, कोर्टात जजले बोलते. एवढं बोलनारी बाई तुमाले गावात कुठं दिसते?"

"मग शेवटी गप्प का करतात?"

"कराच लागते. त्यासाठी जागा ठरेल हायेत चार. एक, नवऱ्याचे पाय. दुसरी, नदी. तिसरी, येड्याचा दवाखाना. चौथी, पोराच्या लग्नाचा मांडव. तिथं थे अक्षता टाकता टाकता मरते."

"सुटत कुणीच नाही?"

"सुटते ना. हाटेलात नाचनारी सुटते. हिरोची गोळी आंगावर घेते अन सुटते." मग सुपारी तोंडात टाकून म्हणाल्या, "बनवनाऱ्यायचंबी काय चुकलं म्हना. त्याह्यलेबी घरी जाच असते."

पडदा काळा झाल्यावर लगेच सगळ्या उठत असं नाही. बेबीबाई विचारायच्या, "सांगा आता, पुढं काय झालं असन?" आणि मग जे चालायचं ते ऐकायला मी शेजारच्या कार्यालयात खिडकी उघडी ठेवून बसायचो. सरकारी कामात व्यत्यय येऊ नये म्हणून खुर्ची मात्र खिडकीकडे वळवली होती. सिनेमावाल्यांना जे सुचत नाही ते या बायकांना सुचायचं, कारण त्यांना पुढच्या सकाळची काळजी असायची. सिंधू नावाची एक होती, दरवर्षी चार महिने नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जायची. ती म्हणायची, "घरून निंगाली थे बरं झालं, पन पोरीची शाळा काय करन? टीसी भेटला पाह्यजे ना." दुसरी म्हणायची, माहेरी गेली असेल तर भावजय दोन महिने बरी वागेल, तिसऱ्या महिन्यात भांडी वेगळी काढेल. तिसरीचं म्हणणं, घर तिच्या नावावर असतं तर तिला बाहेर पडायचीच गरज नव्हती, तोच पडला असता.

हे तिसरं मत गावाला महागात गेलं. कारण पुढच्या सोमवारी सिंधू कार्यालयात आली आणि म्हणाली, "सायब, घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव चढते काय?" मी खरं ते सांगितलं, की चढतं, नवऱ्याच्या बरोबरीनं चढवायचं शासनाचं धोरणच आहे. असं काही धोरण आहे हे मी गावाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. दिवाळीपर्यंत माझ्याकडे चौदा अर्ज आले. आणि चौदा नवरे आले, वेगवेगळे, डोळे चुकवत, एकच प्रश्न घेऊन: "सायब, हे परत घेता येते काय?"

पुरुषांची बैठक पारावर बसली आणि मग ग्रामसभेत आली. बोलायला उभे राहिले उत्तमराव. वय अठ्ठ्याहत्तर, श्रीपतरावांच्या तंबूतलं गिऱ्हाईक, पुढच्या रांगेतलं. ते म्हणाले, "पिक्चर वाईट नाही, बापा. म्या सारे पाह्यले हायेत. लय चांगले संस्कार असतात. पन संस्कार कुठं असतात? शेवटी असतात! अन हे बाई शेवटच कापून टाकते. मंग बाया बिघडतीन नाही त काय?"

टाळ्या पडल्या. गावाचं काय चुकलं ते गावाला सापडलं होतं. गजाननरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी लेखणी उचलली. 'सर्वानुमते ठरले की, महिलांना दाखविण्यात येणारा चित्रपट शेवटासह दाखविण्यात यावा. अन्यथा सभागृह देण्यात येऊ नये.' नोकरीत मी हजारभर ठराव लिहिले असतील, नाल्यांचे, दिव्यांचे, अतिक्रमणांचे. संस्कृती वाचवायचा हा एकच. सूचक उत्तमराव, अनुमोदक चौदापैकी सहा नवरे, सही वर्षाताईंची, बोट गजाननरावांचं.

बेबीबाई सभेत मागे उभ्या होत्या. मला वाटलं, आता तोफ सुटणार. त्या एवढंच म्हणाल्या, "हव. दाखवतो शेवट. पन तुमीबी या पाह्यले."

त्या शुक्रवारी सभागृह भरलं. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. वर्षाताई नेहमीप्रमाणे भिंतीशी, मागे. सिनेमात नायिका वकील होती. सासऱ्यानं विधवा जावेची जमीन लाटलेली. नायिका काळा कोट चढवून सासऱ्याविरुद्धच कोर्टात उभी राहते, घरून निघून जाते, एकटी राहते आणि केस जिंकते. जज हातोडा आपटतो. इथे बेबीबाईंचं बोट पडायचं. बायका सवयीनं उठायला लागल्या, दोघी-चौघींनी चपला घातल्यासुद्धा. पण पडदा चालूच राहिला. बेबीबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

मग वीस मिनिटं झाली ती अशी. सासरा अंथरुणाला खिळला. सनई वाजली. नायिका परत आली, डोक्यावर पदर, डोळ्यांत पाणी. नवऱ्याच्या पायावर पडली. नवऱ्यानं उदार होऊन तिला उठवलं. सासूनं किल्ल्या दिल्या. तिनं काळा कोट नीट घडी करून पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं आणि आरतीचं ताट घेतलं. समाप्त. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. उत्तमरावांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिटी मारली. दात नसल्यामुळे ती नुसती हवाच गेली, पण भावना पोचली.

सतरंजीवरून सिंधू म्हणाली, "बेबीबाई, हे दुसऱ्या पिक्चरचं जोडलं काय वो?"

"नाही माय. हाच पिक्चर."

"मंग थे वकील बाई कुठं गेली?"

"हेच थे."

"हे?" सिंधूनं पडद्याकडे हात केला. "पटत नाही."

"मलेबी नाही पटत," दुसरी म्हणाली. "पाह्यना, हे जाडी हाय. थे केवढीशी व्हती." हे मात्र खरं होतं. जुन्या सिनेमात शेवट कधी वर्षभरानं चित्रित व्हायचा आणि मधल्या काळात नायिका अंगानं भरायची.

आणि मग तिसरीनं निकाल देऊन टाकला. "जुळी बहीन असन तिची. जत्रेत हरपेल. पिक्चरमधी असतेच."

एका क्षणात सगळ्यांचे चेहरे उजळले. बरोबर! जुळी! ही जी पाया पडायला आली ती दुसरीच, जत्रेत हरवलेली, न शिकलेली. खरी तिकडे वाशीमच्या कोर्टात प्रॅक्टिस करत असणार. एवढं साधं, आणि कुणाच्या लक्षात नाही. बायका हसत हसत पुन्हा चपला घालू लागल्या.

आता पुरुष खवळले. बाई बिघडली तर चालेल, पण बाई तीच नाही, हे कसं चालेल? उत्तमराव ओरडले, "जुळी नाही! मी सात डाव पाह्यला हा पिक्चर, तेच हाय!" गजाननराव उठून पडद्यापुढे गेले आणि नाकावर, गालावर बोट ठेवून पटवू लागले, की नाक पाहा, तेच आहे. शेवट पुन्हा लावला. आरतीचं ताट त्यांच्याच सदऱ्यावर फिरू लागलं. सहा अनुमोदकांपैकी दोघं म्हणायला लागले की बाकी जाडी आहे हे खरं. बेबीबाई सुपारी कातरत होत्या.

सिंधू म्हणाली, "मानलं. तेच हाय. मंग एवढी शिकेल, एवढी केस जिकेल बाई कोट पेटीत काहून ठेवते? तेवढं सांगा."

उत्तमरावांनी सात वेळा सिनेमा पाहिला होता, पण हा प्रश्न त्यांना सातही वेळा पडला नव्हता. सगळे गजाननरावांकडे पाहू लागले, कारण पडद्यापुढे तेच उभे होते. तेवढ्यात मागून, भिंतीपासून, एक आवाज आला. दोन वर्षांत तो मी कार्यालयात 'इथं का?' एवढ्याच दोन शब्दांत ऐकला होता.

"सांगा ना," वर्षाताई म्हणाल्या. "काहून ठेवते?"

गजाननरावांनी बायकोकडे पाहिलं. चेहऱ्यावर अर्धी नायिका होतीच. "अवो, डायरेक्टरनं सांगतलं म्हनून," ते म्हणाले आणि सभागृहात जे हसू उठलं ते कितीतरी वेळ थांबलं नाही. पुरुषही हसले. गजाननराव हसले नाहीत.

मंगळवारी ते वर्षाताईंना आणि एक कागद घेऊन कार्यालयात आले. मीच टाइप केलेला. नाही म्हणण्याचा रकाना माझ्या नोकरीत कुठेच नव्हता. सभागृह सोयाबीनचं बियाणं साठवण्यासाठी घेण्यात येत आहे, सबब इतर कार्यक्रम बंद. त्यांनी बोट ठेवलं. वर्षाताईंनी कागद उचलला आणि वाचला. पहिल्यापासून, सावकाश, मोठ्यानं, जावक क्रमांकासकट. मग मला विचारलं, "सायब, हे कोनाच्या सहीनं बंद व्हते?"

"सरपंचांच्या."

"मंग मी नाही करत."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. पेन त्याच्यावर आडवं ठेवलं. गजाननराव माझ्यासमोर एवढंच म्हणाले, "चाल घरी."

बुधवारी वर्षाताई आल्या नाहीत. गुरुवारी आल्या नाहीत. त्यांच्या दारावरून जाऊन आलेल्या सिंधूनं सांगितलं, दार लोटलेलं आहे, आतून आवाज नाही. बेबीबाई दोन्ही दिवस माझ्या कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसल्या. सुपारी कातरत नव्हत्या. मी त्यांचं सांत्वन करायला म्हणालो, सही झाली नाही म्हणजे सभागृह बंद नाही, तुमचा शुक्रवार शाबूत आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी लाज वाटली.

"शुक्रवार गेला चुलीत," त्या म्हणाल्या. "चाकनले जाईन मी, त्यात काय. पन बापू, म्या पिक्चर कापले. हे पोरगी काही पिक्चर नाही. हिचं पुढचं मी कसं कापू?" त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच हळू ऐकला.

शुक्रवारी दोन वाजता बायका जमल्या. यंत्र लावलेलं, पडदा पांढरा. बेबीबाईंनी सिनेमा सुरू केला नाही. सव्वादोन झाले. अडीच झाले. कुणी 'लावा' म्हटलं नाही. मी खिडकीत होतो आणि खुर्ची कुठे वळली आहे याचं भान मलाही नव्हतं. पावणेतीनला गल्लीच्या टोकाला वर्षाताई दिसल्या. पायी, एकट्या. अंगावर मंगळवारचीच साडी. त्या आत गेल्या, भिंतीकडे वळल्या नाहीत, सरळ बेबीबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

बेबीबाई स्टुलावरून उठल्या. दोन्ही हातांनी त्यांनी वर्षाताईंचे दंड धरले. "भेव वाटलं व्हतं मले," त्या म्हणाल्या.

"मलेबी," वर्षाताई म्हणाल्या.

बेबीबाईंनी यंत्राची पिन भिंतीतून उपटली. "आज पिक्चर राहू द्या," त्या म्हणाल्या. "बस माय. सांग." मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मला पाहिलं आणि जाऊन सभागृहाची खिडकी लावून घेतली. काचेतून मला शेवटचं दिसलं ते इतकंच, की बायका जवळ सरकल्यात, मध्ये वर्षाताई बोलतायत आणि बेबीबाई, ज्यांनी कधी स्टूल सोडलं नव्हतं, त्या सतरंजीवर मांडी घालून, हनुवटी तळहातावर टेकवून ऐकतायत.

त्याच आठवड्यात माझी बदली मंगरूळपीर तालुक्यात झाली. महिन्याभरात बेबीबाई गेल्या, अकोल्याच्या दवाखान्यात, दोन दिवसांच्या आजारानं. चाकणला त्यांना जावं लागलं नाही, याचं मला बरं वाटलं आणि मी रडलोही.

दिवसांच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा वर्षाताई भेटल्या. सरपंचाच्या खुर्चीत बसून त्या एका अर्जावर काहीतरी लिहीत होत्या. गजाननराव बाहेर जीपमध्ये होते, ड्रायव्हरच्या जागेवर. मला राहवलं नाही. त्या तीन दिवसांत घरी काय झालं, आणि शुक्रवारी त्यांनी बेबीबाईंना काय सांगितलं, असं मी विचारून टाकलं.

वर्षाताईंनी मान वर केली. "बेबीबाईले सांगतलं ना," त्या म्हणाल्या. "तुमाले कायले पाह्यजे?" आणि त्या पुन्हा लिहू लागल्या.